साडभाऊ आणि सोनं खाणारा कोळसा

आमच्या साडभाऊंइतका अस्वस्थ माणूस मी उभ्या आयुष्यात पाहिलेला नाही, आणि यापुढे दिसेल असं वाटतही नाही. बाकीची माणसं बसतात, उठतात, काही काळजी असली तर मधूनच येरझारा घालतात. साडभाऊ येरझारा घालत आणि काही काळजी असली तर मधूनच बसत. जेवायला पानावर बसले तरी त्यांचा एक गुडघा ताटाकडे आणि दुसरा दाराकडे असे. त्यांच्या लग्नात भंतेजी त्रिशरण म्हणत होते, सगळे हात जोडून बसले होते, आणि नवरदेव मांडवाच्या खांबाची सुटलेली दोरी घट्ट करत उभे होते. त्या लग्नाचे जेवढे फोटो निघाले तेवढ्या सगळ्यांत नवरी, म्हणजे ताई, अगदी स्पष्ट आहेत आणि त्यांच्या शेजारी पांढऱ्या कपड्यातलं काहीतरी हललेलं आहे. फोटोग्राफरने पैसे परत करायची तयारी दाखवली होती. सासरे म्हणाले, "राहू द्या, जावई असाच दिसते."

साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. पुण्याकडे याला नुसतं साडू म्हणतात. आमच्याकडे त्याला भाऊ जोडतात, त्यामुळे भांडायला जरा जड जातं. ते मला मास्तर म्हणत, मी त्यांना भाऊ म्हणे. आम्ही दोघेही आपापल्या घरातले पहिले शिकलेले. मी शिकून माजरीला कोळशाच्या खाणीजवळच्या शाळेत मास्तर झालो आणि ते नागपूरला रसायनशास्त्र शिकून एका सरकारी खात्यात केमिस्ट झाले. खात्याचं नाव सांगत नाही, त्यात कुणाचंच भलं नाही. जमिनीत काय काय आहे ते शोधायचं, हे त्या खात्याचं काम. गडचिरोली जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता आणि तिथल्या जंगलात वैनगंगेच्या पलीकडे कुठेतरी दगडात सोनं आहे असं या खात्याच्या मनाने घेतलं होतं. मग चार तंबू, दोन पत्र्याच्या शेड, दगड दळायची एक चक्की आणि आमचे साडभाऊ, एवढ्यांना तिकडे पाठवून देण्यात आलं.

तिथे गेल्यावर त्यांना त्यांचा वैरी भेटला. तो म्हणजे कोळसा. चंद्रपूर जिल्ह्यात जन्मून, जिथे विहीर खणायला घेतली तरी आधी काळं लागतं अशा मुलखात वाढून, या माणसाने कोळशाशी वैर धरावं, याला काय म्हणायचं? पण वैराला कारण होतं. दगडातलं सोनं काढण्याची रीत त्यांनी मला इतक्या वेळा सांगितली आहे की मी वर्गात इतिहास शिकवताना चुकून तीच सांगून मोकळा होईन. दगड दळायचा. तो भुगा सायनाइडच्या पाण्यात घालून ढवळत ठेवायचा. सोनं त्या विषारी पाण्यात साखरेसारखं विरघळतं. मग दगडाचा गाळ टाकून द्यायचा आणि पाण्यातून सोनं परत मिळवायचं. पांढऱ्या गारेचा, म्हणजे गारगोटीचा, दगड असला तर सगळं सुरळीत. पण त्या जंगलात पांढऱ्या गारेला लागून एक काळा दगड होता, त्यात कार्बनचा अंश, म्हणजे कोळशाचाच चुलतभाऊ. तो दगड दळणात आला की पाण्यात विरघळलेलं सोनं तो आपल्या अंगाला चिकटवून घ्यायचा. भट्टीत तपासलं तर दगडात सोनं आहे, पाण्यात बघावं तर नाही. गाळाबरोबर सोनं फेकलं जायचं. "मास्तर," साडभाऊ दोन्ही हात पसरून म्हणत, "आपण वाढलं आणि पंगतीतल्या एकानंच सगळं खाल्लं, असं होऊन राह्यलं."

ही गोष्ट त्यांनी सगळ्यांना सांगितली. माझ्या बायकोला चहाची पत्ती आणि साखर घेऊन सांगितली, त्यात आमची पावशेर साखर गेली. वरोऱ्याच्या स्टँडवर एका कंडक्टरला सांगितली आणि तो ऐकत राहिल्यामुळे गाडी उशिरा सुटली. लोक ऐकून घेत, कारण सोन्याचं नाव निघालं की कुणीही ऐकतं. पण शेवटी कोळसा सोनं खातो म्हटल्यावर लोकांच्या चेहऱ्यावर जी शंका येई, ती साडभाऊंना सहन होत नसे. ते पहिल्यापासून पुन्हा सांगायला लागत.

हळूहळू या वैराने घरात शिरकाव केला. माजरीला आमच्याकडे यायचं म्हणजे त्यांना संकट वाटे. आमच्या कॉलनीत धुतलेले कपडे वाळेपर्यंत पुन्हा काळे होतात; भिंतीला पाठ टेकली की पाठीवर भिंत येते. साडभाऊ आले की आधी अंगणात उभं राहून बूट काढत, ते पिशवीत घालत, पिशवीचं तोंड दोरीने बांधत, आणि घरात माझ्या चपला वापरत. तुमची माजरी माझ्या बुटाला लागून लॅबमध्ये गेली तर माझं सोनं गेलं, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, "भाऊ, दोन बुटांवरच्या धुळीनं काय होते?" ते म्हणाले, "काही होत नाही. मले माहीत आहे काही होत नाही. पण मी कशाला त्याले संधी देऊ?" आमच्या धाकटीच्या गालावर काजळाची तीट आणि कानात सोन्याचे इवलेसे डूल पाहून ते इतके बेचैन झाले की हसत हसत, आपल्यालाच नावं ठेवत, पण त्यांनी ती तीट पुसून पोरीच्या तळपायाला लावली. पोरगी कानापासून जितकी दूर काळी होईल तितकं बरं!

आणि याच माणसाने आमच्या अख्ख्या गोतावळ्याला कोळशाचं पाणी पाजलं, हेही सांगितलं पाहिजे. एका वर्षी त्यांना कावीळ झाली होती. त्यातून उठल्यावर त्यांनी शुद्ध पाण्याचं व्रत घेतलं. एकावर एक तीन मडकी, वरच्यात गिट्टी, मधल्यात वाळू, खालच्यात लाकडी कोळसा, प्रत्येकाच्या बुडाला भोक, आणि सगळ्यांत खाली पाणी साठवायचा रांजण. शाळेच्या पुस्तकात असतं तेच. हे मनोरे त्यांनी माजरीला, वरोऱ्याला, मेहुण्याकडे वडसाला, सगळीकडे स्वतः उभे केले. कुणाकडे पाहुणे म्हणून गेले की चहाच्या आधी मडकी धुवायला घेत. हात असे सराईत चालत की बोलणं जगाच्या पाठीवर कुठेही असो, मडकी आपोआप एकावर एक चढत. मी एकदा म्हटलं, "भाऊ, यात तर कोळसाच आहे." ते दुखावल्यासारखे झाले. म्हणाले, "मास्तर, हा लाकडाचा. हा आपल्या घरचा माणूस."

एका दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांच्या कॅम्पवर गेलो. मुद्दाम नव्हे, ताईंनी चकल्या आणि स्वेटर पाठवला होता म्हणून. धान कापणीला आलं होतं. कॅम्पवर पोचलो तर साडभाऊ शेडपासून तंबूपर्यंत आणि तंबूपासून शेडपर्यंत चालत होते, जमिनीवर त्यांची पायवाट पडली होती. मी स्वेटर हातात देताच त्यांनी तो खांद्यावर टाकला आणि मलाही सोबत चालायला लावलं. "मास्तर, बसू नका. चला, बोलू."

प्रकरण असं होतं की नागपूरच्या मोठ्या साहेबांना कोळशाची गोष्ट पटत नव्हती. दगडात सोनं आहे, पाण्यात येत नाही, याचा साहेबांनी सरळ अर्थ काढला होता की मधे कुणीतरी सोनं लांबवतं आहे. आणि दळणापासून ढवळण्यापर्यंत सगळं ज्याच्या हाताखालून जायचं तो एकच माणूस होता, देवाजी. जवळच्या गावचा, थोडीशी धानाची शेती असलेला, चाळिशीचा, रोजंदारीवरचा माणूस. साडभाऊ अस्वस्थ होते ते या देवाजीसाठी. त्याच्यावर चोरीचा आळ आला तर रोजी जाणारच, पण लहानशा गावात नावही जाणार. "माणूस माह्याजवळ कामाले आहे," साडभाऊ म्हणाले. "चोर दगड आहे आणि बोट याच्याकडे. मी साहेबाले डोळ्यांनी दाखवतो." साहेब जीपने दुसऱ्या दिवशी यायचे होते, आणि साडभाऊंनी त्यांच्यापुढे प्रयोग करून दाखवायचं ठरवलं होतं.

प्रयोग सोपा होता. स्वच्छ पांढऱ्या गारेतून काढलेलं सोन्याचं पाणी एका मोठ्या बरणीत तयार होतं. त्या पाण्यात सोनं आहे की नाही हे बघायची त्यांची एक परीक्षा होती. थोडं पाणी घ्यायचं, त्यावर दोन-तीन सोपस्कार करायचे, शेवटी एक द्रावण टाकायचं. सोनं असलं की वांग्यासारखा जांभळा रंग येतो, नसलं की येत नाही. साहेब यायच्या दिवशी सकाळी त्यांनी मला तो रंग दाखवला. खरंच सुंदर होता. मग हे पाणी दोन बाटल्यांत विभागायचं, एका बाटलीत काही टाकायचं नाही, दुसरीत काळ्या दगडाची पूड टाकून दिवसभर हलवायचं. संध्याकाळी पहिलीत जांभळा येईल, दुसरीत येणार नाही. सोनं कुणी खाल्लं ते साहेबांना आपोआप दिसेल.

बाटल्या हलवायचं काम देवाजीकडेच दिलं होतं. तो मला सकाळी भेटला. अंगाने बारीक, डोक्याला लाल दुपट्टा. बाटल्यांकडे तो असा बघत होता की त्यांतल्या एकीतून कधीही फणा निघेल. मी म्हटलं, "जयभीम, कसं काय देवाजी?" त्याने हात जोडले, रामराम घेतला आणि म्हणाला, "बरं हाय गुर्जी. मले यातलं काई समजत नाई. साहेब म्हनते हालव, त मी हालवून राह्यलो."

साहेब दुपारी आले. चांगले सुखवस्तू, प्रत्येक वाक्यानंतर रुमालाने कपाळ टिपणारे. त्यांच्याबरोबर ड्रायव्हर आणि दुसरे एक अधिकारी. साडभाऊंनी पहिल्यापासून सगळं समजावून सांगितलं, म्हणजे साहेबांभोवती गोल फिरत सांगितलं, त्यामुळे साहेबांनाही मान फिरवावी लागली आणि ते आधीच वैतागले. दिवस कलला. साडभाऊंनी पहिल्या बाटलीतलं पाणी घेतलं, सोपस्कार केले, द्रावण टाकलं, काचेची नळी उजेडात धरली.

काही नाही. पाणी ते पाणी.

दुसऱ्या बाटलीतलंही तेच, पण तिथे काही यायचंच नव्हतं. साडभाऊंनी पहिलीची परीक्षा पुन्हा केली, मग पुन्हा. नळी तीन वेळा धुतली. त्यांच्या कानशिलावरची शीर मला स्पष्ट दिसत होती. साहेब म्हणाले, "सकाळी जांभळं होतं म्हणता?" साडभाऊ म्हणाले, "होतं साहेब, मास्तर साक्षीला आहेत." मी होय म्हटलं, आणि तिथेच चुकलं. साहेब म्हणाले, "म्हणजे सकाळी सोनं होतं आणि आता नाही. मधे बाटल्या कुणाच्या हातात होत्या?"

सगळे देवाजीकडे बघायला लागले. साडभाऊ अक्षरशः उडीच मारून मधे आले. "साहेब, पाण्यातलं सोनं माणूस खिशात कसा घालणार?" साहेब शांतपणे म्हणाले, "पाणीच बदललं असेल. खरं ओतून घेतलं, साधं भरून ठेवलं. यात काय कठीण आहे?" देवाजीचा चेहरा मला आजही दिसतो. तो घाबरला नव्हता. त्याला समजतच नव्हतं. "मी त इथीच होतो साहेब," तो म्हणाला. "जेवाले भी गेलो नाई." त्याच्या न जेवण्याचाही साहेबांनी उलटाच अर्थ काढला. जाता जाता सांगून गेले की उद्यापासून या माणसाला कामावर घेऊ नये. ड्रायव्हर देवाजीच्या गावच्या चौकात पान खायला थांबला, आणि जीप पुढच्या गावी पोचायच्या आत देवाजी चोर झाला होता.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून साडभाऊ चालत होते. चहा प्याले नाहीत, मी आणलेल्या चकल्यांना हात लावला नाही. मी मागे मागे चालत होतो, कारण थांबलो असतो तर ते बोलले नसते. बोटं मोडत मोडत ते कालचा सगळा दिवस पुन्हा जगत होते. "सकाळी परीक्षा केली. जांभळा आला. तुम्ही पाहिला." मी म्हटलं पाहिला. "मग पाणी जरा गढूळ वाटलं. साहेबापुढं गढूळ कसं ठेवायचं? गाळायचा कागद संपला होता, नागपूरहून आला नाही. मग गाळलं. मग दोन बाटल्यांत..." आणि साडभाऊ थांबले. आमची ओळख झाल्यापासून त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांना चालता चालता जागच्या जागी थांबलेलं पाहिलं, आणि खरं सांगतो, मला भीती वाटली. त्यांनी कपाळाला हात लावला आणि खाली बसले, मातीतच.

गाळायचा कागद नव्हता म्हणून त्यांनी शेडमागे नवी तीन मडकी एकावर एक रचली होती. गिट्टी, वाळू आणि लाकडी कोळसा. साहेबांच्या येण्याची घाई, डोक्यात देवाजीची काळजी, आणि वर्षानुवर्षं गोतावळ्यात फिरून सरावलेले हात. हातांनी केलं, डोक्याला विचारलंच नाही. काळ्या दगडाने सोनं खाल्लं हे सिद्ध करायला निघालेल्या या केमिस्टने ते सोनं स्वतःच्या हाताने आधीच कोळशाला भरवलं होतं. दगडाला खायला उरलं होतंच काय?

मला हसू येत होतं आणि हसायची सोय नव्हती. साडभाऊंनी मडकं फोडून सगळा कोळसा काढला, वाळवला, जाळला, सोनं वेगळं व्हावं म्हणून ती राख शिशाबरोबर भट्टीत घातली. ते काम होईपर्यंत त्यांनी मला शेडजवळ फिरकू दिलं नाही. ऊन उतरायच्या सुमाराला बाहेर आले तेव्हा त्यांच्या तळहातावर भट्टीतल्या एवढ्याशा वाटीत खसखशीच्या दाण्याहून मोठा नसेल असा पिवळा मणी होता. देवाजीची अब्रू एवढीशीच होती, पण चकाकत होती. साडभाऊंच्या डोळ्यांना धार लागली होती, भट्टीच्या धुराने म्हणाले. मग मला तसंच टाकून ते देवाजीच्या गावाकडे धावत सुटले. पळताना त्यांच्या खांद्यावरचा स्वेटर पडला तो मी उचलला.

देवाजी बांधीत, म्हणजे आपल्या धानाच्या शेतात, कापणी करत होता. आजूबाजूला दहा-पंधरा बाया-माणसं होती, कारण एका बांधीतली कापणी संपली की सगळे मिळून दुसऱ्याच्या बांधीत जातात. साडभाऊंनी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभं राहून, छातीत दम मावत नसताना, सगळ्या शिवाराला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडून सांगितलं, "देवाजी! चोर सापडला! मीच होतो! सोनं मीच घेतलं!"

विळे थांबले. मी मागून पोचेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं. गावाने एवढंच ऐकलं की सोनं साहेबाने घेतलं. काल देवाजी एकटा चोर होता, आज साहेब आणि देवाजी दोघं मिळून झाले. साडभाऊंनी मग मडकी, कोळसा, जांभळा रंग, सगळं पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. बाया तोंडाला पदर लावून ऐकत होत्या. एक म्हातारी विळा कमरेला खोवत म्हणाली, "कोरसा सोनं खाते म्हनता बाबू? मंग माह्या चुलीत त लय सोनं असन. सुनेले सांगतो, राख फेकू नोको." सगळं शिवार हसलं. देवाजीसुद्धा हसला. साडभाऊ मात्र हसले नाहीत. आपण माणसाला सोडवायला आलो आणि आणखी अडकवून ठेवलं, हे त्यांना तेव्हाच कळलं.

नागपूरच्या साहेबांना कागदोपत्री पटलं. तो मणी पाहून त्यांनी पुष्कळदा कपाळ टिपलं, आणि पंधरवड्यात देवाजी पुन्हा कामावर आला. पण गावाला कागद कोण दाखवणार? पोरं त्याला सोनेवाला म्हणत. कुणाच्या घरी लग्नात नवी साडी दिसली तरी म्हणत, देवाजीकडून कर्ज काढलं काय. थट्टाच ती, पण त्याची बायको बाजाराला जाईनाशी झाली. तेव्हा साडभाऊंनी एक उपाय काढला. त्या गावचा बाजार बुधवारी भरे. बुधवारी दुपारी कामाला बाजाराची सुट्टी असे, तेव्हा साडभाऊ कॅम्पवरून यायचे, देवाजीला घरातून बोलावून घ्यायचे, आणि बाजाराच्या तोंडाशी असलेल्या हॉटेलच्या बाकावर त्याच्या शेजारी बसायचे. चहा आणि आलुबोंडा. सगळ्यांना दिसेल असं, खांद्याला खांदा लावून, बाजार उठेपर्यंत. म्हणणं एवढंच, की सरकारी साहेब ज्याच्या शेजारी बसतो तो माणूस चोर नसतो.

जो माणूस स्वतःच्या लग्नात बसला नाही, तो दर बुधवारी तीन-चार तास एका बाकावर बसत असे. त्यांना ते किती जड जात असेल ते मी सांगू शकत नाही. पाहणारे सांगत की टेबलाखाली साहेबांचे पाय सारखे चाललेले असत. वरून मात्र ते बसलेले असत.

पुढे त्या काळ्या दगडातून सोनं काढणं परवडत नाही असं ठरलं आणि कॅम्प उठला. सोनं तिथेच राहिलं, दगडाच्या अंगाला चिकटून. साडभाऊंची बदली नागपूरला झाली. पण बुधवार सुटला नाही. रजा टाकून, पहाटेची एसटी धरून, चंद्रपूरला गाडी बदलून, मूल गावाच्या पुढे खड्ड्यांतून हाडं खिळखिळी करत ते बाजाराला पोचत. दर आठवड्याला जमत नसे, महिन्यातून एकदा-दोनदा तरी नक्की. ताईंनी डोकं धरलं. "यांची तिकडे दुसरी बायको आहे काय, ते तरी बघून या," असं त्या मला हसत म्हणाल्या, पण पूर्ण हसत नव्हत्या. म्हणून एका हिवाळ्यात मी त्यांच्याबरोबर गेलो.

बाजार भरला होता. सुकटीचा वास, बांगड्यांची दुकानं, कोंबड्या. बाकावर आम्ही तिघं. देवाजीच्या कानावरचे केस पिकले होते. साडभाऊ त्याला चहा पाजत होते, येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघत होते, कुणी ओळखीचं दिसलं की मुद्दाम देवाजीच्या पाठीवर हात ठेवत होते. एक जवान जोडपं जवळून गेलं. बाहेरगावची सून असावी, तिने नवऱ्याला हळूच विचारलं, हा साहेब कोन? नवऱ्याने तिच्या कानात सगळं सांगितलं. आम्हाला ऐकू आलं नाही, पण सांगताना त्याने देवाजीकडे बोट केलं, आणि ती मागे वळून वळून बघत गेली.

देवाजीने चहाची बशी खाली ठेवली. बशीकडे बघत तो म्हणाला, "साहेब, एक गोष्ट बोलू? राग नोका धरू." साडभाऊ म्हणाले, "बोल ना देवाजी, राग काऊन धरू?"

"लोक इसरले होते साहेब. कवाचेच इसरले. तुमी येऊन बसता, मंग नवा मानूस इचारते हा साहेब कोन, मंग जुना मानूस सांगते. दर बाजाराले ते सोनं निंगते." त्याने दुपट्ट्याने तोंड पुसलं. "तुमी घरी या. नवं धान निंगालं का जेवाले या. माह्या पोरीचं लगन हाय, तवा ताईले घेऊन या. पन इथी बाजारात आता नोका बसू."

साडभाऊंच्या पायांची चाळवाचाळव थांबली, ते मला टेबलाखाली जाणवलं. ते काहीतरी म्हणणार होते, कदाचित पहिल्यापासून समजावून सांगणार होते, पण देवाजीने त्यांच्या हातावर हात ठेवला होता, आणि तसा हात ठेवलेला असताना काही समजावून सांगता येत नाही. "खरंच इसरले?" त्यांनी विचारलं. "खरंच," देवाजी म्हणाला. साडभाऊंनी मान डोलावली. पैसे दिले. देवाजी आम्हाला स्टँडपर्यंत सोडायला आला आणि गाडी हलल्यावर त्याने दोन्ही हात जोडले.

एसटीत खिडकीशी साडभाऊ बसले होते. नेहमी ते प्रत्येक थांब्यावर उतरून गाडीभोवती एक चक्कर मारत आणि कंडक्टरच्या शिव्या खात. त्या दिवशी उतरले नाहीत. मी शेंगा घेतल्या, त्यांनी नको म्हटलं. मी घरच्या, पोरांच्या गोष्टी काढल्या, त्यांनी हूं हूं केलं. बाहेर धानाच्या कापलेल्या बांध्या मागे जात होत्या. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "मास्तर, मंग आता बुधवारी मी काय करू?"

मी शेंगांचा पुडा पुन्हा त्यांच्यापुढे केला. चंद्रपूर येईपर्यंत ते तसेच बसून होते, मांडीवर हात ठेवून, अगदी स्वस्थ, आणि मला ते बघवत नव्हतं.